वाघाच्या वाटेवरचा तालुका

हिमायतनगर तालुक्यात अभयारण्य नाही. सफारीच्या जिप्सी नाहीत, रिसॉर्ट नाहीत, वाघाचं तोंड छापलेले टी-शर्ट विकणारी दुकानं नाहीत. आहेत ती सोयाबीन, कापूस, हळद आणि हरभऱ्याची रानं, दुधड-वाळकेवाडीच्या अंगाचे डोंगर, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग आणि महाशिवरात्रीला पंचक्रोशी गोळा करणारं परमेश्वराचं मंदिर. जुनी माणसं गावाला अजून वाढोणाच म्हणतात.

पण तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते, आणि नदी ओलांडली की यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य लागतं. सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचं हे सागवानी जंगल नदीने तीन बाजूंनी वेढलेलं आहे. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. जिल्हा बदलतो, महसुली विभाग बदलतो, वन खात्याचे साहेब बदलतात. पावसाळ्यात गांजेगावच्या पुलावरून पाणी गेलं, की विदर्भ-मराठवाड्याचा संपर्क तुटल्याची बातमी येते. ती माणसांपुरतीच खरी असते. वाघ उत्तम पोहतो. आणि उन्हाळ्यात तर या नदीत पोहण्याइतकं पाणीच नसतं.

या पट्ट्यात नोकरीची बरीच वर्षं काढलेल्या एका वनरक्षकाची ही हकिकत. नाव छापू नये एवढी एकच अट त्याने घातली. सरकारी नोकरीत ती रास्तच म्हणायची. गावात सगळे त्याला गार्डसाहेब म्हणतात. तो मूळचा लातूरकडचा, म्हणजे जिथे जंगल एकूण जमिनीच्या एक टक्कासुद्धा नाही अशा जिल्ह्यातला. त्याच्या लहानपणीचं जंगल म्हणजे गायरानातल्या बाभळी आणि तिथे संध्याकाळी दिसणारी चारदोन हरणं. वन खात्यात निवड झाली तेव्हा घरच्यांनी ताडोबाला जायचं ठरवून टाकलं होतं. नेमणूक मिळाली नदीकाठच्या बीटात.

सुरुवातीची वर्षं वाघाशी काही संबंध आला नाही. काम होतं सागाचं. किनवटचा साग नावाजलेला, त्यामुळे त्याचे चोरही तितकेच तरबेज. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढे राज्याची सीमा मध्ये आली, पण लाकडाच्या चोरवाटांनी ती फारशी मनावर घेतली नाही. रात्रीची गस्त, सकाळी ताजे थुट शोधणं, प्रत्येक थुटाची गोलाई मोजून त्यावर हातोड्याचा शिक्का मारणं, गुन्ह्याचा कागद करणं. दुचाकीवर आडवा ओंडका बांधून अंधारात सुसाट जाणारी पोरं अडवायला एक लाठी आणि एक वनमजूर. या वनमजुराला तो मामा म्हणतो. मामा आंध समाजाचे, जन्म याच डोंगरात गेलेला. जंगल वाचायला गार्डसाहेब त्यांच्याकडून शिकला, प्रशिक्षण केंद्रातून नव्हे.

मग २०१९ साल आलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी आणि महाराष्ट्राच्या वन विभागाने टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. कागदावरचं त्याचं नाव टी-१ सी-१, म्हणजे टी-१ वाघिणीचा पहिला बछडा. टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटरचं. आईची जागा आईची, बलदंड नरांची जागा त्यांची. वयात आलेल्या नराला घर सोडावंच लागतं. जूनमध्ये तो निघाला. पैनगंगेच्या जंगलातून गेला, तेलंगणात आदिलाबादकडे शिरला, परत फिरला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत त्या डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याचं तेराशे किलोमीटर चालणं झालं होतं. कॉलर उतरवेपर्यंत नऊ महिन्यांत हा आकडा तीन हजारांवर गेला आणि उपग्रहाकडे त्याच्या जागांच्या पाच हजारांहून जास्त नोंदी जमल्या. जगाने त्याला ‘वॉकर’ म्हटलं. बीबीसीनेही त्याची बातमी केली.

गार्डसाहेबाच्या मोबाइलवर तो नकाशा आला तेव्हा त्याला किलोमीटरांचं फारसं अप्रूप वाटलं नाही. त्याचं बोट रेषेवरून फिरत राहिलं ते ठिपके कुठे पडलेत हे पाहत. नाले. कालव्याच्या कडा. कपाशी. तुरीची रानं. माळावरची झुडपं. हा प्राणी रात्री चालत होता आणि दिवसा शेतकऱ्यापासून हाकेच्या अंतरावर झोपत होता. एवढ्या मुलखात त्याच्यापायी माणूस जखमी झाल्याची नोंद एकदाच झाली, तीही लोकांचा घोळका तो विसावला होता त्या झुडपात घुसला तेव्हा. बाकी शेकडो गावांच्या शिवारातून तो गेला आणि गावांना त्याचा पत्ताही लागला नाही.

वॉकर एकटा नव्हता. मार्च २०२१ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. तिथे कित्येक दशकांत वाघ नव्हता. त्याचे पट्टे जुळले टिपेश्वरच्या वाघाशी. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला, आणि तोही टिपेश्वरचाच निघाला. पुढे पथकं आली, त्याला पकडण्यासाठी रान पालथं घातलं गेलं, वाघ हाती लागला नाही. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. आकडा वाढला याचा अभिमान सगळ्यांनाच आहे; वाढलेले वाघ जातात कुठून, हा प्रश्न फारच थोड्या लोकांना पडतो. ते अशाच तालुक्यांतून जातात.

नदीच्या अलीकडे वाघ आल्याची बातमी गार्डसाहेबाला वायरलेसवरून येत नाही. ती पहाटे फोनवर येते आणि बहुधा अशी येते: गोऱ्हा मारला. त्यानंतरचे काही तास त्याच्या मते या नोकरीतले सगळ्यात महत्त्वाचे असतात. गावाला वाटतं साहेब वाघ शोधायला आले. तो येतो माणसं आवरायला. शेतातल्या आखाड्यावर पोचेपर्यंत शंभरेक माणूस जमलेलं असतं, त्यातले निम्मे मोबाइल वर धरून. माग तुडवून जातात, ओढत नेल्याची रेघ पुसून जाते. आधी दोरी बांधायची, लोक मागे सारायचे, पोलीस पाटलांना पुढे करायचं. मग खाली वाकायचं.

वाघ की बिबट, हे ठरवायला मामांना फार वेळ लागत नाही. गळ्यावर सुळे कुठे रुतले, दोन सुळ्यांत अंतर किती, जनावर किती लांब ओढलं, खायला सुरुवात मागच्या फऱ्यापासून झाली की पोटापासून. वाघ सहसा मागून सुरू करतो, बिबट पोटाकडून. पायाचा ठसा मऊ मातीत मिळाला तर उत्तमच. पट्टी ठेवून फोटो, मग प्लास्टर ऑफ पॅरिस. एके काळी सगळ्या देशाची व्याघ्रगणना या ठशांवर चाले. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता हे उघड झालं, तेव्हा त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला; २००६ पासून कॅमेरे आणि पट्ट्यांवरून ओळख पटवणं आलं. आता मोबाइलवरच्या ॲपमध्ये गस्तीची चाल नोंदवावी लागते. मामांना ॲप येत नाही. पण कुठल्या वळणावरच्या कोणत्या झाडाला कॅमेरा बांधला तर जनावर नेमकं समोरून जाईल, हे अजून त्यांनाच विचारावं लागतं.

यानंतर येतो खरा अवघड भाग. मेलेलं जनावर पंचनाम्याआधी हलवायचं नाही, हा नियम. त्यामागचं कारणही साधं आहे: शिकार तिथेच राहिली तर वाघ रात्री परत येतो, खातो आणि एकदोन दिवसांत पुढे निघतो. ती उचलून पुरली, तर उपाशी वाघ दुसऱ्या गोठ्याकडे वळतो. हे मालकाला पटवून द्यायचं असतं, आणि तेही त्याचं जनावर डोळ्यांदेखत फाटून पडलेलं असताना.

“गार्डसाहेब, नुसते फोटू काढून काय करायलाव? गोऱ्हा उठून उभा राहतंय का?” असं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला विचारलं होतं. बैलजोडीसाठी वाढवलेला तो गोऱ्हा होता.

“नाही उठत, काका. पण कागद आज झाला तर पैसे मिळतील. आणि काका, याला औषध-बिवषध लावू नका.”

म्हातारा काही वेळ त्याच्याकडे बघत राहिला. “तुमाला कसं कळलं माझ्या मनातलं?”

कळण्यासारखंच होतं ते. जुलै २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरजवळ मेटेपार इथे वाघीण आणि तिचे दोन बछडे मेलेले सापडले. वाघाने मारलेल्या वासरावर कीटकनाशक टाकलेलं होतं. कपाशीच्या मुलखात ते जालीम औषध आणायला कुठे जावं लागत नाही, प्रत्येक आखाड्याच्या कोनाड्यात डबा असतोच. एका रात्रीचा राग, एक डबा, आणि तीन वाघ.

म्हणून पंचनाम्याचा वेग ही गार्डसाहेबाच्या मते वन्यजीव संरक्षणातली पहिली गोष्ट आहे. त्याच्या बोलण्यात ती इतक्यांदा येते की ऐकणाऱ्याला आधी गंमत वाटते आणि नंतर पटत जातं. घटनेची खबर लवकर मिळाली पाहिजे, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला मिळाला पाहिजे, सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स. २०२२ च्या शासन निर्णयाने गाय-बैल-म्हशीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा सत्तर हजार, यातली कमी असेल ती रक्कम ठरवली. रक्कम वाईट नाही. ती कधी हातात पडते, यावर पुढच्या वेळी तो शेतकरी फोन उचलेल की डबा, हे ठरतं. अर्जात त्रुटी निघून कागद परत येऊ नये म्हणून तो झेरॉक्सच्या प्रती स्वतःच्या खिशातल्या पैशांनी काढतो. हे सांगताना तो संकोचला, पण लिहिलं पाहिजे. कागदोपत्री कोट्यवधींच्या योजना शेवटच्या टप्प्यात अशा सुट्या पैशांवर चालतात.

लोकांची भीती त्याला खोटी वाटत नाही. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या अवनी वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी सांगितले गेले होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली आणि देशभर वाद पेटला. शहरांत मेणबत्त्या लागल्या. यवतमाळच्या त्या गावांत लोक सुटकेचा श्वास टाकत होते. नदीपलीकडच्या नातेवाइकांकडून त्या गोष्टी हिमायतनगरच्या बाजारापर्यंत आल्याच होत्या. वाघ दिसला म्हटलं की शाळा ओस, जागल बंद, मजूर कापूस वेचायला येईनात. त्यात व्हॉट्सॲप. कुठल्या तरी राज्यातला, कुठल्या तरी वर्षीचा व्हिडिओ ‘आत्ताच आपल्या शिवारात’ म्हणून फिरतो. गार्डसाहेब हल्ली व्हिडिओत आधी वाघ बघतच नाही, झाडं बघतो. साल वृक्षांच्या जंगलातला वाघ पैनगंगेकाठचा कसा असेल? ग्रुपवर तो तेवढंच उत्तर टाकतो. निम्मे लोक ऐकतात.

वाघ वर्षातून एखाद्या वेळी येतो. रोही आणि रानडुकरं रोज येतात. नीलगाईला इकडे रोही म्हणतात. घोड्याएवढं जनावर, कळपाने हरभऱ्यात शिरलं की सकाळी रान सपाट. पिकाच्या नुकसानीचे अर्ज हे त्याच्या टेबलावरचं सगळ्यात मोठं गाठोडं. खरा धोका मात्र त्यानंतर सुरू होतो, कारण वैतागलेला माणूस कृषिपंपाच्या लाइनवर आकडा टाकून बांधाभोवती उघडी तार सोडतो. डुकरासाठी सोडलेल्या त्या तारेवर बिबट मरतो, वाघ मरतो, पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो. झटका मशीनची गोष्ट वेगळी. तिच्यात प्रवाह क्षणाक्षणाने तुटक येतो, जनावर दचकून मागे फिरतं, जीव जात नाही. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. पण २०१५ ची ही योजना मुळात व्याघ्र प्रकल्पांच्या बफर गावांसाठी आखलेली, तिची व्याप्ती पुढे वाढली. जिथे वाघ राहत नाही, नुसता ये-जा करतो, अशा गावाचा नंबर यादीत उशिराच लागणार.

इथे लेखकाचं मत नोंदवायला हरकत नसावी. आपलं संरक्षण अजूनही मुक्कामाच्या जागी अडकलेलं आहे. गेट, कुंपण, कॅमेरे, गाड्या, निधी, सगळं तिथे. टिपेश्वरात जपून वाढवलेला वाघ ज्या दिवशी अभयारण्याची हद्द ओलांडतो, त्या दिवसापासून तो एका दुचाकीवरच्या वनरक्षकाच्या आणि एका वैतागलेल्या शेतकऱ्याच्या भरवशावर असतो. अभयारण्यातला खर्च कमी करा असं कोणी म्हणत नाही. वाटेवरच्या तालुक्यांना त्याचा थोडा तरी हिस्सा द्या, इतकंच मागणं आहे.

उन्हाळा हा आणखी एक अध्याय. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो, अक्षांश-रेखांशासकट. संदेश येईपर्यंत आग पुढे सरकलेली असते. ब्लोअर असेल तर ब्लोअर, नसेल तर पळसाच्या डहाळ्या. आग लागत नाही, लावली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे: मोहाखालचा पाचोळा जाळला की फुलं वेचायला सोपं जातं, आणि जाळल्यावर तेंदूला नवी पालवी चांगली फुटते असा समज. मोह वेचणाऱ्या बायकांवर गुन्हे दाखल करून त्याने पाहिलं नाही असं नाही. उपयोग झाला तो मामांच्या बायकोमुळे. मामी स्वतः मोह वेचतात. झाडाखाली खराट्याने झाडून घ्या, जाळू नका, हे त्यांनी सांगितलं आणि त्यांच्या वाडीने ऐकलं. शेजारच्या वाडीने अजून ऐकलेलं नाही. पहाटे मोहाखाली अस्वलही येतं, आणि जखमी बाईला स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखाना गाठायची वेळ त्याच्यावर आलेली आहे. तो प्रसंग त्याने एका वाक्यात सांगितला आणि पुढे गेला.

पाण्याचं दुखणं सगळ्यांचं सारखंच. वर इसापूर धरण आहे. एप्रिल-मे आला की खाली पैनगंगेचं पात्र कोरडं पडतं, आणि हिमायतनगर, हदगाव, उमरखेड तालुक्यांतली नदीकाठची गावं धरणातून पाणी सोडा म्हणून मोर्चे काढतात, पात्रात बसून आंदोलनं करतात. पावसाळ्यात सहस्रकुंडाला फेसाळत कोसळणारी हीच नदी, यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. पाणी सुटलं की गावांच्या टाक्या भरतात, डोह भरतात, आणि रात्री त्याच डोहांवर सांबर, अस्वल, बिबट येतात. वन्यप्राण्यांच्या नावाने कोणी मोर्चा काढत नाही, पण माणसांच्या मोर्चाचं पाणी त्यांनाही मिळतं. नाही सुटलं तर जनावरं शेतातल्या विहिरींकडे वळतात. कठडा नसलेल्या विहिरीत रोही पडलं की जेसीबीने एक बाजू उतरती करायची. बिबट पडला की दोराने बाज खाली सोडायची आणि तो तिच्यावर चढेपर्यंत लोकांना गप्प ठेवायचं. लोकांना गप्प ठेवणं हेच त्यातलं जड काम. विहिरींना कठडे बांधायला जो खर्च येईल तो एका बचावकार्याच्या धावपळीपेक्षा मोठा नसावा, असा त्याचा हिशेब आहे. रोजगार हमीतून हे काम व्हावं असं त्याने ग्रामसभेत सुचवलं. काही कठडे झाले.

सध्या तो एक वही ठेवतो. तीत वाघाचे नव्हे, माणसांचे नंबर आहेत: नदीकाठच्या गावांतले जागल करणारे, मेंढरं घेऊन फिरणारे, तांड्यांवरचे नाईक, वाळूच्या रस्त्यावरचे ट्रॅक्टरवाले, आणि पलीकडच्या तीरावरचे वनरक्षक. दोन्ही तीरांच्या वनरक्षकांनी एकमेकांना थेट फोन करणं ही कुठल्या परिपत्रकातली व्यवस्था नाही. ते दोघा-चौघांनी आपसांत ठरवलेलं आहे. पलीकडे पाण्याजवळ ताजा माग दिसला, तर अलीकडच्या वाड्यांना संध्याकाळच्या आत निरोप जातो: आज गुरं आखाड्यावर उघड्यावर बांधू नका, पोरांना एकटं पाठवू नका, रात्री बाहेर पडायचं तर बॅटरी घ्या, मोबाइलवर गाणं लावा. वाघ आहे असं तो सांगत नाही. ‘जनावर आहे’ एवढंच. गर्दी होत नाही.

तुमच्या शिवारात असा माग दिसला, तर एवढं करा. ठशाभोवती चार दगड ठेवा, फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि तो फोटो ग्रुपवर टाकू नका. मेलेलं जनावर हलवू नका. बांधावरच्या तारेत घरची किंवा पंपाची वीज सोडलेली असेल तर ती आजच काढा. वन खात्याचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे. तो मोबाइलमध्ये साठवून ठेवा, आणि त्याच्याखाली आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबरही.